राघूची मनिआडर

यंदा मार्च महिन्यात आमच्या फाट्याजवळची जुनी सावर रस्त्याच्या कामात पाडली. सावरीचं लाकूड मऊ. सुतारपक्षी त्यात भोकं पाडतात आणि पुढं पोपट तीच भोकं रुंद करून घर करतात. खोड आडवं झालं तशी ढोलीतली पिल्लं भुईवर सांडली. दोन जागीच मेली. तिसरं माझा नातू शाळेच्या टोपीत घालून घरी घेऊन आला.

"आबा, पोपट हाय. आपण याला बोलायला शिकवू."

पोपट कसला, नुसती कातडी होती. अंगावर पिसांचे काटे फुटलेले, मुंडी अंगापेक्षा जड. तीन आठवड्यांचं असावं. हात लावून बघितलं तर गार. मी म्हटलं, बोलायचं नंतर बघू, आधी ऊब दे. टोपलीत भाताचा तूस घातला, वर जुन्या धोतराचा फडका, आणि शेजारी गरम पाण्याची बाटली गुंडाळून ठेवली. सूनबाई लगबगीनं दुधात पोळी कुस्करून घेऊन आली. ती मी तशीच माघारी पाठवली. पाखराला दूध पचत नाही. आणि अंग गार असताना पिल्लाला काहीही भरवलं तरी ते गळ्याखालच्या थैलीत तसंच राहून आंबतं. तासाभरानं अंग उबदार झालं, तेव्हा भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि नाचणीचं पीठ एकत्र शिजवून, घोटून, कोमट आणि पातळ केलं. जुना चमचा दोन्ही बाजूंनी दुमडून त्याची पन्हळ केली आणि थेंब थेंब चोचीत सोडलं. थैली फुगली की थांबायचं आणि ती रिकामी झाल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही.

सूनबाई बघत उभी होती. म्हणाली, "आबा, हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

या घरात पूर्वी पोपट होता हे तिला माहीत असायचं कारण नाही. माझ्या बायकोलासुद्धा फक्त ऐकून माहीत. पिंजरा मात्र अजून माळ्यावर आहे. त्यात मी आल्याचं बियाणं ठेवतो.

१९७७ साली मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. बा मुंबईला लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. घरी आय, मी आणि धाकटी बहीण. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तेव्हा बहुतेक घरं अशीच होती. बापय माणसं मुंबईत, इकडं बायका, म्हातारी आणि पोरं. सावित्रीच्या काठाला थोडं भाताचं खाचर आणि वर डोंगराला नाचणी-वरीचं वरकस. वरकसात चार महिने राबून सहा महिन्यांचं खाणं होतं, उरलेलं मुंबईवर. माझे आजोबा दासगाव बंदरापर्यंत चालत जाऊन बोटीनं मुंबईला गेले होते. बा एसटीनं गेले. तिसरा मी जाणार होतो, पण दोघं गिरणीत गेले तर शेत कोण बघणार म्हणून मला मागं ठेवलं. तेव्हा मला त्याचा राग होता. पुढं गिरण्यांचं जे झालं ते बघून राग गेला, पण तो पुढचा भाग आहे.

तर त्या मार्चमध्ये दळीवरचा एक कातकरी गडी आमच्या पडवीत आला. त्याच्या कनवटीत दोन पिल्लं होती. कातकऱ्यांना झाडावर चढायला शिडी लागत नाही. कोणत्या ऐनाला, कोणत्या आंब्याला ढोली आहे आणि त्यात आतून आवाज येतो का, हे त्यांना आपल्या घरच्यासारखं ठाऊक. कोळशाच्या भट्ट्यांसाठी जंगलतोड चालायची तेव्हा झाडाबरोबर पिल्लंही हातात यायची. ती महाडच्या बाजारात जात, नाहीतर चाकरमान्यांबरोबर मुंबईच्या चाळीत. तो आयला म्हणाला, "वयनी, एक ठेवा. पोर येकटा बसतोय." आयनं दोन शेर तांदूळ घातले आणि एक पिल्लू ठेवून घेतलं. मी त्याला विचारलं, ढोलीत किती होती? तो म्हणाला, तीन. एक तिथंच ठेवलं. का ठेवलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

भरवायचं कसं हे त्यानंच आयला दाखवलं. मघाशी सांगितलं ते सगळं त्याचंच शिक्षण. फक्त तो चमच्याऐवजी स्वतःच्या तोंडात डाळ चावून बारीक करायचा आणि जिभेवरून पिल्लाला द्यायचा. आयनं ते काही केलं नाही. ती बोटानं भरवायची. दीड महिन्यात पिल्लाला पिसं आली, शेपूट आली, आणि ते टोपलीच्या काठावर चढून पंख मारायला लागलं. मग महाडला जाऊन मी पत्र्याच्या बुडाचा तारेचा पिंजरा आणला. आणि कात्रीनं त्याच्या एका पंखाची लांब पिसं कापली. दोन्ही पंखांची कापली तर पाखरू जड उडतं पण उडतं. एकाच बाजूची कापली तर कलंडून पडतं. हे मला वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं आणि मी ते फार आनंदानं केलं.

नाव राघू. दुसरं काय ठेवणार?

आता गंमत बघा. आश्विनात भात पोटरीतून बाहेर पडून दाणा भरायला लागला की मी दिवसभर शेतातल्या माळ्यावर राखण करायचो. राखण कुणापासून, तर पोपटांपासून. पोपट इतर पाखरांसारखं दाणे टिपत नाही. तो लोंबीच तोडतो, घेऊन झाडावर बसतो, चार दाणे खातो आणि बाकीची खाली टाकून दुसरी आणायला येतो. साधे पोपट वेगळे, जांभळ्या डोक्याचे लहानगे टोई वेगळे, दोघांचे थवे वेगवेगळ्या वेळी उतरायचे. गोफणीनं हात दुखायचे. आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांच्याच भाऊबंदाला मी पेरू कापून द्यायचो. थवा घरावरून गेला की राघू पिंजऱ्याच्या तारेला उलटा लटकून ओरडायचा. तेव्हा मला वाटायचं, तो त्यांना शिव्या घालतोय.

शिकवण्याचं म्हणाल तर वाडीत प्रत्येकाचं शास्त्र वेगळं होतं. कुणी म्हणे मिरची खायला घाला, जीभ सुटते. मिरची तो आवडीनं खायचा हे खरं, कारण पाखरांना मिरची आपल्यासारखी झोंबतच नाही, पण त्यानं जीभ सुटत नाही. कुणी म्हणे जिभेला अक्कलकारा घासा. पोपटाचा आवाज मुळात जिभेत तयार होत नाही. तो श्वासनळीच्या बुडाशी छातीत तयार होतो, जीभ त्याला फक्त वळण देते. हे मला फार वर्षांनी महाडच्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं. त्यांना असल्या गोष्टींचा नाद होता. त्यांच्याकडूनच कळलं की पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही जुन्या चौसष्ट कलांमधली एक कला आहे, कामसूत्रात ती मोजलेली आहे. इसवी सनाच्या चारशे वर्षं आधी इराणच्या राजाकडे टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य होता. त्यानं लिहून ठेवलं की हिंदुस्थानात माणसासारखं बोलणारं पाखरू आहे, ते तिथल्या लोकांची भाषा बोलतं आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल. पुढं प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहिलं की याला शिकवताना डोक्यावर लोखंडी कांबीनं मारावं लागतं, नाहीतर त्याला काही लागत नाही. मास्तर हे वाचून दाखवत होते तेव्हा मी म्हटलं, त्या माणसानं पोपट पाळलेला नसणार. मारलेला पोपट चावायला शिकतो. दुसरं काही शिकत नाही.

माझी पद्धत साधी होती. पहाटे पिंजऱ्यावरचा फडका काढायच्या आधी, अंधारातच, एकच शब्द सावकाश पंधरा-वीस वेळा म्हणायचा. संध्याकाळी फडका टाकल्यावर पुन्हा. मी "विठ्ठल विठ्ठल" शिकवत होतो. आमच्या घरात माळ होती, तेव्हा दुसरं काही शिकवायचा प्रश्नच नव्हता. वैशाखापासून भादव्यापर्यंत शिकवलं. राघू मान वाकडी करून ऐकायचा, बुबुळं लहान-मोठी करायचा आणि किर्र करायचा. बस.

दिवाळीच्या आधी एक दिवस दुपारी पडवीत कुणी नव्हतं. मी आत जेवत होतो. बाहेरून आयचा आवाज आला, "मनिआडर आली का वो?" आय माझ्यासमोर बसून वाढत होती.

या प्रश्नाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण आता मनिऑर्डर कुणाला माहीत नाही. इंग्रजांच्या टपालखात्यानं ती १८८० साली सुरू केली. त्याआधी मुंबईत पोट भरायला गेलेल्या माणसाचे पैसे गावी यायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कमरेला. मनिऑर्डर सुरू झाली आणि कोकणचा डोंगर मुंबईच्या गिरण्यांना एका कागदानं जोडला गेला. पहिली गिरणी ताडदेवला १८५४ मध्ये उभी करायला घेतली, पुढं गिरणगाव वाढत गेला, आणि त्यात साचे चालवायला सातारा, रत्नागिरी आणि आमच्या कुलाबा जिल्ह्याची माणसं गेली. (कुलाब्याचं रायगड १९८१ साली झालं.) मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा, त्यावर चार ओळी लिहायला जागा. बा त्यात लिहायचे, "रुपये साठ पाठवले आहेत, पोचल्याचे कळवणे, म्हैस कशी आहे." आय अंगठा द्यायची, ती पावती परत मुंबईला जायची. बांना आयची खुशाली म्हणजे तो अंगठा. पैसे महिन्याच्या दहा-बारा तारखेला यायचे. पण आय पाच तारखेपासूनच पोस्टमनभाऊ दिसले की पडवीत येऊन विचारायची, "मनिआडर आली का वो?" पोस्टमनभाऊ पोलादपुराहून चालत यायचे, खाकी कपडे, खांद्याला पिशवी. नसली तर हात हलवायचे, असली तर लांबूनच हसायचे.

राघू ते ऐकत होता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी पाच महिने "विठ्ठल" म्हणत होतो ते सपाट आवाजात, अभ्यास केल्यासारखं. आयच्या विचारण्यात मात्र जीव होता, आणि त्यानंतर काहीतरी घडायचं. माणसं बोलायची, हसायची, पोस्टमनभाऊ पडवीत टेकायचे, पाणी प्यायचे. पोपट थव्यात राहणारं पाखरू. त्याला पिंजऱ्यात टाकलं की घर हाच त्याचा थवा, आणि थव्यातल्या ज्या हाकेला उत्तर येतं ती हाक तो उचलतो. हे मला आज कळतं. तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. बहिणीनं त्याला मिरची दिली. पोस्टमनभाऊंनी दुसऱ्या दिवशी खिशातून पेरू काढून दिला. झालं. खाकी कपडा दिसला की विचार, पिशवी दिसली की विचार, पुढं पुढं कुणीही अंगणात पाऊल टाकलं की विचार. आवाज हुबेहूब आयचा, शेवटच्या "वो"ला थोडा चढलेला. तिसऱ्या वर्षी त्याला कंठ फुटला, मानेभोवती काळी-गुलाबी रेघ आली, तेव्हा तो वाडीतला एक माणूसच झाला होता. मे महिन्यात चाकरमानी आले की मुद्दाम आमच्याकडे पिशवी घेऊन यायचे. बाही दोन वेळा रजेवर आले. राघू त्यांना विचारायचा तेव्हा बा खिसा झटकून म्हणायचे, "बघ बाबा, मनिआडरच आलीय चालत."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार बाहेर पडले. बा खोलीवर थांबले. गावकीच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, खानावळीची उधारी वाढत गेली. फेब्रुवारीत मनिऑर्डर आली नाही. मार्चमध्ये कुणाकडून तरी घेऊन तीस रुपये आले. त्यानंतर काही आलं नाही. आयनं विचारणं सोडलं. पोस्टमनभाऊ आमच्या घरावरून जाताना खाली बघून जायला लागले. पण राघू विचारायचाच. आयच्याच आवाजात, रस्त्यावर ऐकू जाईल असं.

वैशाखात बा घरी आले. म्हणाले, लावणीपर्यंत मिटेल, मग जाईन. पत्र्याची ट्रंक आणली होती, त्यावरूनच मी समजायला हवं होतं. अंगणात पाऊल टाकलं आणि राघूनं विचारलं, "मनिआडर आली का वो?" बा हसले. नेहमीसारखा खिसा झटकला. त्या दिवशी सगळे हसलो.

माणूस रोज किती वेळा घराबाहेर जाऊन आत येतो हे आपण कधी मोजत नाही. बा शेतावरून आले की तो प्रश्न. नदीवरून आले की तोच. शेजाऱ्याकडे उसने पैसे मागायला जाऊन रिकाम्या हातानं आले तरी तोच. आय पिंजऱ्यावर गोणपाट टाकायची, तर तो गोणपाटाखालून विचारायचा. बांनी त्याला कधी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. ते फक्त मागच्या दारानं ये-जा करायला लागले. गोठ्याच्या बाजूनं, वाकून. घरच्या धन्यानं मागच्या दारानं यावं हे आयला सहन होत नव्हतं. पण ती बोलणार काय?

मग मी त्याला विसरायला शिकवायचं ठरवलं. घरात सांगून ठेवलं, तो विचारेल तेव्हा कुणी बघायचं नाही, हसायचं नाही, रागवायचंही नाही, कारण रागावणं हेसुद्धा त्याला उत्तरच. त्याऐवजी शीळ शिकवायला घेतली. शीळ मारली की लगेच भिजवलेली डाळ. आषाढ-श्रावण हेच चाललं. लावणी, चिखल, पाऊस, आणि वर ही शिकवणी. राघू शीळ शिकला. प्रश्न कमी झाला, दिवसाला पाच-सहा वेळांवर आला. मला वाटलं, जमलं.

गणपतीच्या सुमाराला एक रात्र मला अजून आठवते. पाऊस थांबला होता. बा पडवीत विडी ओढत बसले होते, मी आत जागा होतो. राघूनं अंधारात विचारलं. बराच वेळ काही नाही. मग बा हळूच म्हणाले, "नाय आली."

त्या रात्री एकदाच म्हणाले असते तर काही झालं नसतं. पण बा रोज रात्री त्याच्याशी बोलायला लागले. दिवसभर कुणाशी बोलत नव्हते. तो विचारायचा, हे उत्तर द्यायचे. माझी सगळी शिकवण पाण्यात गेली, कारण आता त्याला उत्तर देणारं माणूस मिळालं होतं, आणि तेही कसं, जीव तोडून उत्तर देणारं. दसऱ्याला सोनं द्यायला वाडीतली माणसं आमच्याकडे आली. अंगण भरलेलं. राघूनं आयच्या आवाजात विचारलं, "मनिआडर आली का वो?" आणि मग खालच्या पट्टीत, बांच्या आवाजात, स्वतःच उत्तर दिलं, "नाय आली."

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं आपट्याचं पान बांच्या हातात दिलं आणि हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

दिवाळीत मी कात्री घेतली. पावसाळ्यात पोपटाची जुनी पिसं झडून नवी येतात, आणि ती वाढली की दरवर्षी मी कापायचो. बा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता कशाला कापतोस." मला वाटलं, त्यांना त्याची दया आली. पुढं माघ महिन्यात, १९८३ च्या फेब्रुवारीत, एका सकाळी मी उठलो तर पिंजऱ्याचं दार उघडं आणि राघू नाही. बा अंगणात दात घासत होते. म्हणाले, "काल साफ करताना कडी लावायची राहिली बहुतेक." पिंजरा बांनी साफ केला होता हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आय त्या दिवशी काही बोलली नाही. महिनाभरानं नदीपलीकडच्या वाडीतली एक बाई गवताचा भारा घेऊन जाताना सांगून गेली की त्यांच्या खळ्याजवळच्या आंब्यावर एक पोपट बसून बाईमाणसासारखा काहीतरी विचारत होता. आय लागोपाठ दोन दिवस पलीकडे गेली. पहिल्या दिवशी मिरच्या घेऊन गेली. तिला दिसला नाही. हातावर वाढलेलं पाखरू रानात फार दिवस टिकत नाही, त्याला ससाणा माहीत नसतो, मांजर माहीत नसतं. मला हे तेव्हाही माहीत होतं, पण मी आयला सांगितलं नाही.

संप कधी मिटला असं कुणी सांगितलंच नाही. बा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. १९९९ साली वारले. शेवटच्या आजारात मी त्यांना एकदा विचारलं, कडी खरंच राहिली होती का? ते म्हणाले, "कसली कडी?" विसरले होते की टाळत होते, मला सांगता येणार नाही.

मास्तरांनी मला शुकबहात्तरी दिली ती नंतर कधीतरी. त्यात नवरा व्यापाराला परमुलखात गेलेला आहे आणि घरी बायकोजवळ पोपट आहे. बायको रात्री बाहेर निघाली की पोपट तिला एक गोष्ट सांगतो आणि ती थांबते. असं करत तो तिला नवरा परत येईपर्यंत घरात राखतो. मास्तरांना त्या गोष्टी फार आवडायच्या. मी त्यांना म्हटलं, परगावी गेलेला नवरा आणि पोपट, एवढं आमच्याकडेही होतं. पण आमच्या बायांना रात्री बाहेर जायला वेळ कुठला, पहाटे भात सडायचं असायचं.

आता कायदा बदलला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, म्हणजे आम्ही राघू आणला तेव्हा तो होताच, पण आमच्या वाडीत त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. १९९०-९१ साली देशी पाखरांच्या खरेदी-विक्रीवर पूर्ण बंदी आली. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आपला साधा गुलाबी कंठाचा पोपट खालच्या यादीतून दुसऱ्या यादीत वर गेला. पाळला तर दंड आणि तुरुंगही. दुकानात मिळतात ते परदेशी लव्हबर्ड वेगळे. काही लोक म्हणतात, पोपट काय वाघ आहे का? मीही राखण करताना असं म्हटलं असतं. पण आमच्याकडच्या जुन्या ढोलीच्या सावरी आणि आंबे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि थवेही पूर्वीसारखे उतरत नाहीत. गोफण मी कित्येक वर्षांत हातात घेतली नाही.

पिल्लू दोन दिवस आमच्याकडे होतं. पहिल्याच रात्री नातू टोपलीपाशी बसून "हॅलो, हॅलो" म्हणत होता. मी त्याला थांबवलं. त्यानं का म्हणून विचारलं, तेव्हा वर लिहिलेलं सगळं त्याला सांगितलं. बहुतेक पहिल्यांदाच कुणाला तरी सबंध सांगितलं. तो म्हणाला, "मग आपण याला चांगलं काहीतरी शिकवू ना." मी म्हटलं, आम्हीही विठ्ठलच शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावला. तिसऱ्या दिवशी वनरक्षक मोटारसायकलवर आला, तरणा पोरगा. त्यानं पिल्लू उलटंपालटं करून बघितलं, पंख ताणून बघितले, म्हणाला, "पाय चांगले आहेत. पिसं फुटेपर्यंत सांभाळू, मग मोठ्या जाळीत इतर पोपटांबरोबर ठेवू. त्यांच्यातच राहिलं की त्यांच्यासारखं होतं. तुम्ही बोलायला वगैरे शिकवलं नाही ना?"

नातवानं माझ्याकडे बघितलं.

"हॅलो म्हटलंय," तो म्हणाला. "पण थोडंच."

वनरक्षक हसला. खोक्याला सुरीनं भोकं पाडली, तुसाचा थर घातला आणि खोका पुढं टाकीवर बांधला. सूनबाईनं दिलेला चहा उभ्यानंच प्यायला. जाताना त्यानं एक कागद काढून पंचनाम्यासारखं काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढं धरला. मी सही करत होतो तर म्हणाला, "आबा, चष्मा नसेल तर अंगठा दिला तरी चालतो."